ट्रॅक्टर एंजिनाची पुनर्बांधणी
ट्रॅक्टर एंजिनाची पुनर्बांधणी : दीर्घ वापराने झिजलेले ट्रॅक्टरचे एंजिन पूर्णपणे उघडून, त्यातील सिलिंडर अस्तरे, दट्टे, कड्या, धारवे इ. झिजणारे भाग बदलून व उरलेले भाग तपासून ते पुन्हा मूळच्या मापात आणण्याची क्रिया. ग्रामीण महाराष्ट्रात या कामाला ‘एंजिन बांधणे’ असे म्हणतात. गॅरेजच्या भाषेत अस्तराला लायनर, दट्ट्याला पिस्टन, भुजादंडाला क्रँक व सिलिंडर शीर्षाला हेड हे शब्द रूढ आहेत. ट्रॅक्टरचा सांगाडा, दंतचक्रपेटी व मागचा आस हे भाग एंजिनापेक्षा पुष्कळ जास्त काळ टिकतात. त्यामुळे एकाच ट्रॅक्टरचे एंजिन त्याच्या आयुष्यात दोन-तीन वेळा बांधावे लागणे ही सामान्य गोष्ट आहे. हे शक्य व्हावे म्हणूनच बहुतेक ट्रॅक्टर एंजिनांत सिलिंडराची आतील भिंत बदलता येण्याजोगी, म्हणजे सुट्या अस्तराच्या रूपात केलेली असते.

अस्तराची गरज : एंजिनाचा ठोकळा बिडाचा ओतलेला असून तो एंजिनातील सर्वांत मोठा व महाग भाग होय. दट्टा थेट ठोकळ्यातील छिद्रात फिरत असेल, तर छिद्र झिजल्यावर ते मोठ्या व्यासाचे कातावे लागते आणि त्यात मोठ्या मापाचा दट्टा बसवावा लागतो. असे कातणे दोन-तीन वेळाच करता येते, कारण प्रत्येक वेळी भिंत पातळ होत जाते. अस्तर वापरल्यास झिजेचा सगळा भार त्या नळीवर पडतो व ठोकळा तसाच राहतो. शिवाय अस्तराचे द्रव्य स्वतंत्रपणे निवडता येते. अस्तरे सामान्यतः केंद्रोत्सारी ओतकामाने तयार करतात. फिरत्या साच्यात वितळलेले बीड ओतल्याने नळीचा पोत घट्ट व एकसारखा होतो. बिडातील ग्रॅफाइटाचे कण थोडे वंगण पुरवितात व पृष्ठावरील सूक्ष्म खाचांत तेल धरून ठेवतात. काही एंजिनांत आतील पृष्ठावर क्रोमियमाचा मुलामा दिलेली पातळ पोलादी अस्तरेही वापरली आहेत.

अस्तरांचे प्रकार : अस्तरे कोरडी व ओली अशा दोन प्रकारची असतात. कोरडे अस्तर ही सु. २ ते ३ मिमी. जाडीची नळी असून ती ठोकळ्यातील छिद्रात बाहेरून सर्व बाजूंनी टेकलेली असते. थंड करणाऱ्या पाण्याशी तिचा संबंध येत नाही. ती दाबाने ठोकून बसवितात किंवा हाताच्या जोराने सरकवून बसेल अशा मापाची करतात. ओल्या अस्तराची भिंत जाड असते, कारण तिला बाहेरून ठोकळ्याचा आधार नसतो. तिच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागते. वरच्या टोकाला तिची कॉलर ठोकळ्यातील खाचेत बसते व खालच्या टोकाला रबरी वळी पाणी अडवितात. काही एंजिनांत अस्तर खालच्या बाजूच्या बैठकीवर उभे राहते व तेथे पत्र्याचे गॅस्केट घातलेले असते.

ओल्या अस्तरातून उष्णता लवकर निघून जाते आणि ते विशेष यंत्रसामग्रीवाचून बदलता येते. परंतु त्याची गळती एंजिनाला घातक ठरते. कोरड्या अस्तराच्या एंजिनात पाणी तेलात उतरण्याची ही वाट नसते व ठोकळाही अधिक ताठ राहतो; मात्र अस्तर व ठोकळा यांच्यामध्ये काजळी, गंज किंवा हवेची पातळ पोकळी राहिली, तर तेवढ्या भागातून उष्णता जात नाही आणि दट्टा अडकण्याचा धोका संभवतो.

काही प्रसिद्ध एंजिने : इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील बॅनर लेन कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेला फर्ग्युसन टीई-२० हा ट्रॅक्टर ओल्या अस्तराचे चांगले उदाहरण आहे. या मालिकेचे ५ लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांवर अमेरिकन काँटिनेंटल एंजिन होते. त्यानंतर स्टँडर्ड मोटर कंपनीचे स्वतःचे चार सिलिंडरांचे एंजिन बसविण्यात येऊ लागले. त्याचा सिलिंडर-व्यास प्रथम ८० मिमी. व दट्ट्याची धाव ९२ मिमी. होती. पुढे धाव तीच ठेवून व्यास ८५ मिमी. करण्यात आला आणि घनफळ १,८५० घ. सेंमी. वरून २,०८८ घ. सेंमी. झाले. याच कुलातील एंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटारीत आणि ८३ मिमी. व्यासाची अस्तरे घालून ट्रायम्फ टीआर-२ या क्रीडा मोटारीतही वापरले गेले. व्हॅनगार्ड मोटारींची जुळणी मद्रास येथेही होत असे. अस्तर सुटे असल्यामुळे एकाच मांडणीतून ट्रॅक्टर व मोटार या दोहोंची गरज भागविता आली.

कोरड्या अस्तराचे उदाहरण म्हणजे पर्किन्सचे तीन सिलिंडरांचे डीझेल एंजिन होय. त्याचा व्यास ९१·४४ मिमी. (३·६ इंच), धाव १२७ मिमी. (५ इंच) व घनफळ सु. २·५ लिटर आहे. १९५९ मध्ये मॅसी-फर्ग्युसन कंपनीने पर्किन्स कंपनी विकत घेतली आणि त्यानंतर हे एंजिन मॅसी-फर्ग्युसन ३५ या ट्रॅक्टरवर मोठ्या प्रमाणावर आले. त्या कुलातील ट्रॅक्टर भारतातही दीर्घकाळ तयार होत आले आहेत.

चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथील झेटॉर कारखान्याने १९६० च्या सुमारास दोन, तीन व चार सिलिंडरांच्या एंजिनांची एकीकृत मालिका आणली. तिन्हींत व्यास ९५ मिमी. व धाव ११० मिमी. अशीच असल्याने एकाच मापाचे ओले अस्तर व दट्टा तिन्ही एंजिनांना चालत असे. झेटॉरच्या तांत्रिक सहकार्याने हिंदुस्थान मशीन टूल्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने १९७१ मध्ये पिंजोर (हरियाणा) येथे ट्रॅक्टरनिर्मिती सुरू केली. हा विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मान्यता दिली. अशा बंद झालेल्या बनावटीच्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत सुटी अस्तरे मिळत राहणे यावरच त्यांचे पुढचे आयुष्य अवलंबून असते.

झिजेची कारणे : सिलिंडराची झीज सर्वत्र सारखी होत नाही. दट्टा वरच्या टोकाला क्षणभर थांबून दिशा बदलतो. गती नसल्यामुळे त्या ठिकाणी तेलाचा थर टिकत नाही, तापमान सर्वाधिक असते आणि ज्वलनाचा दाब कडीच्या मागे जाऊन तिला भिंतीवर दाबतो. त्यामुळे सर्वांत वरची कडी जेथे थांबते तेथे झीज सर्वांत जास्त होते. त्याच्या वरच्या, कडी न पोहोचणाऱ्या भागाची झीज होत नाही व तेथे एक धार उभी राहते. बोटाने चाचपूनही ती कळते. भुजादंडाच्या आडव्या दिशेने दट्ट्याचा रेटा बसत असल्याने सिलिंडर त्या दिशेने अधिक झिजून अंडाकृती होतो.

ट्रॅक्टरच्या बाबतीत धूळ हा सर्वांत मोठा शत्रू होय. मातीतील क्वॉर्ट्‌झाचे कण बिडापेक्षा कठीण असतात. हवा गाळणीतील तेल वेळेवर न बदलल्यास, किंवा गाळणी व एंजिन यांमधील रबरी नळीला चीर गेल्यास, न गाळलेली हवा सिलिंडरात शिरते व नवे अस्तरही एका हंगामात निकामी होऊ शकते. एंजिन नेहमी थंड अवस्थेत चालविल्यास इंधनातील गंधकापासून तयार झालेली अम्ले भिंतीवर साचून रासायनिक झीज घडवितात. म्हणून उष्णता-नियंत्रक झडप काढून टाकण्याची प्रथा हानिकारक आहे.

ओल्या अस्तराला बाहेरूनही इजा होते. दट्ट्याच्या आघातांनी अस्तर सूक्ष्म कंप पावते. भिंत मागे सरताच लगतच्या पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात व भिंत पुढे येताच ते फुटतात. त्या धक्क्यांनी धातूचे कण निघून पृष्ठावर खोल छिद्रे पडतात. त्यांतील एखादे आरपार गेले की पाणी तेलात उतरते. या छिद्रांचा पट्टा बहुधा दट्ट्याच्या रेट्याच्या बाजूला उभा दिसतो. शुद्ध पाणी व योग्य गंजरोधक द्रव्य यांचे मिश्रण वापरल्यास ही हानी बरीच टळते. विहिरीच्या जड पाण्याने अस्तरावर क्षारांचा थर बसतो व उष्णता कोंडते.

लक्षणे व तपासणी : एंजिन बांधावयास आले आहे हे पुढील लक्षणांवरून ओळखतात : सकाळी एंजिन सुरू होण्यास वेळ लागणे, जोर कमी पडणे, धुराड्यातून निळसर धूर येणे, तेलाचा खप वाढणे व एंजिनाच्या श्वासनळीतून धुराचा झोत बाहेर पडणे. मात्र यांपैकी एकच लक्षण पाहून एंजिन उघडणे योग्य नव्हे. काळा धूर बहुधा अंतःक्षेपकाच्या दोषाने किंवा तुंबलेल्या हवा गाळणीने येतो. झडपा नीट न बसल्यानेही संपीडन कमी होते व त्यासाठी केवळ सिलिंडर शीर्ष काढणे पुरते. म्हणून प्रत्येक सिलिंडराचे संपीडन दाबमापकाने तपासून तुलना करतात. तेल दुधाळ झाले असल्यास पाण्याची गळती निश्चित समजावी व एंजिन पुन्हा सुरू करू नये, कारण पाणीमिश्रित तेलाने धारवे थोड्याच वेळात जळतात.

सिलिंडर शीर्ष काढल्यावर अस्तराचा अंतर्व्यास वर, मध्ये व खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक ठिकाणी परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजतात. ही सहा मापे झिजेचे पूर्ण चित्र देतात. झीज निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादेपलीकडे गेली असेल, तर नुसत्या कड्या बदलून उपयोग होत नाही. नवी गोल कडी अंडाकृती भिंतीला सर्वत्र टेकत नाही. शिवाय ती वरच्या धारेवर आपटून मोडू शकते.

उघडणे व सफाई : पाणी व तेल काढून, ट्रॅक्टरला पक्का आधार देऊन एंजिन उघडतात. संयोगदांडे व त्यांच्या टोप्या, तसेच मुख्य धारव्यांच्या टोप्या यांवर क्रमांक व दिशा दाखविणाऱ्या खुणा आधी करणे अत्यावश्यक असते. या जोड्या एकत्रच कातलेल्या असल्याने त्यांची अदलाबदल चालत नाही. सिलिंडराची धार काढून मगच दट्टे वरच्या बाजूने बाहेर काढतात. ओली अस्तरे ओढणीच्या साहाय्याने वर खेचतात. खालून लाकडाने ठोकताना भुजादंडाला इजा होणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

अस्तरे निघाल्यावर ठोकळ्यातील जलमार्गातला गाळ, गंज व क्षार पूर्णपणे काढतात. वरची खाच व खालची बैठक यांवरील सफाई हा या कामाचा गाभा होय. तेथे राहिलेला क्षाराचा एखादा कणही अस्तर तिरपे बसण्यास पुरेसा असतो. बैठक गंजून खड्डे पडले असतील, तर नव्या अस्तरानेही गळती थांबत नाही. अशा वेळी ती यंत्रावर कातून भरपाईची वळी घालावी लागतात, किंवा ठोकळा टाकून द्यावा लागतो. भुजादंडाच्या जर्नलांचे माप घेऊन आवश्यकतेनुसार ती ०·२५, ०·५० किंवा ०·७५ मिमी. कमी व्यासाची घासून घेतात व त्या मापाचे धारवे वापरतात. झिजलेल्या जर्नलांवर नुसते नवे धारवे बसविल्यास तेलाचा दाब टिकत नाही व सगळा खर्च वाया जातो.

ओले अस्तर बसविणे : प्रथम अस्तर रबरी वळ्यांशिवाय ठोकळ्यात सोडून ते हाताने सहज फिरते की नाही हे पाहतात. या अवस्थेत ते ठोकळ्याच्या पृष्ठापेक्षा किती वर राहते हे डायल गेजने मोजतात. या उंचीवर संपूर्ण बांधणीचे यश ठरते. सिलिंडर शीर्ष घट्ट केल्यावर अस्तरे खाली दाबली जावीत व गॅस्केट त्यांच्या कडेवर सर्वांत जास्त चेपले जावे, यासाठी ती किंचित वर असावी लागतात. स्टँडर्डच्या उपर्युक्त कुलातील एंजिनांत ही उंची ०·०७५ ते ०·१२५ मिमी. असते, इतर एंजिनांची मापे वेगळी असतात. अस्तर खाली राहिल्यास ज्वलनाचे वायू गॅस्केट फोडून पाण्यात शिरतात. ते फार वर राहिल्यास कॉलर तुटू शकते. शेजारच्या अस्तरांच्या उंचींतील फरकही अत्यल्प असावा लागतो. उंची कमी भरल्यास कॉलरखाली योग्य जाडीची धातूची पट्टी घालतात. कागद किंवा दोरा घालून ती वाढविणे धोक्याचे असते.

यानंतर रबरी वळी पीळ न पडता खाचांत बसवून, साबणाच्या पाण्याने किंवा निर्मात्याने सांगितलेल्या वंगणाने ओली करून अस्तर हाताच्या दाबाने सरळ खाली सारतात. ते हातोड्याने ठोकावे लागत असेल, तर वळे कापले जात आहे असे समजून अस्तर पुन्हा बाहेर काढावे. बसविल्यावर अंतर्व्यास पुन्हा मोजतात, कारण वळे फुगल्यास त्या जागी अस्तर आत दबते. सर्व अस्तरे बसल्यावर, तेलपात्र लावण्यापूर्वी जलमार्गात दाबाखाली पाणी भरून खालून गळती तपासतात. या अर्ध्या तासाच्या चाचणीने पुढचा मोठा अनर्थ टळतो. यापुढे भुजादंड फिरवावयाचा असल्यास अस्तरे पट्ट्यांनी व बोल्टांनी दाबून ठेवावी लागतात; अन्यथा दट्ट्याबरोबर ती वर उचलली जाऊन वळी जागेवरून सरकतात.

कोरडे अस्तर बसविणे : दाबून बसवावयाच्या अस्तराचा बाह्यव्यास ठोकळ्यातील छिद्रापेक्षा किंचित मोठा असतो. त्यामुळे ते यंत्रदाबाने बसवावे लागते. ठोकळा गरम करून किंवा अस्तर थंड करून हे काम सोपे होते. दाबामुळे नळी थोडी आकसते, म्हणून अशी अस्तरे आतून कमी व्यासाची मिळतात व जागेवर बसल्यावर बोअरिंग व होनिंग करून अखेरच्या मापाला आणतात. सरकवून बसवावयाची अस्तरे तयार मापाचीच असतात. त्यांच्या बाबतीत ठोकळ्याचे छिद्र गोल व स्वच्छ असणे महत्त्वाचे असते. छिद्र सैल झाल्यास बाहेरून मोठ्या मापाचे अस्तर वापरतात.

होनिंगने भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी उमटते. त्या रेषांत तेल साठते व कडी भिंतीशी जुळते. होनिंगनंतर घासणीचे कण भिंतीत रुतून राहतात. ते रॉकेलने निघत नाहीत. गरम पाणी, साबण व ब्रश यांनी घासून, पांढरे फडके काळे होईनासे होईपर्यंत सिलिंडर पुसावा लागतो व लगेच तेलाचा हात द्यावा लागतो.

दट्टे, कड्या व जुळणी : प्रत्येक कडी अस्तरात एकटी सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट मोजतात. ही फट साधारणपणे १०० मिमी. व्यासाला ०·३ ते ०·४ मिमी. असते. फट नसल्यास कडी तापून प्रसरण पावते, तिची टोके एकमेकांवर आदळतात व भिंत ओरबाडली जाते. दट्ट्यावर बसविताना कड्यांच्या फटी एका रेषेत येऊ देत नाहीत. धारव्यांवर स्वच्छ तेल लावून टोप्या पूर्वीच्या खुणांप्रमाणे बसवितात व बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या जोराइतके आवळतात. प्रत्येक टोपी घट्ट केल्यावर भुजादंड फिरवून पाहिल्यास दोष कोठे आहे ते लगेच कळते. सिलिंडर शीर्षाचा पृष्ठ सपाट आहे हे तपासून, झडपा व त्यांच्या बैठका घासून, नव्या गॅस्केटासह ते मध्यापासून कडांकडे ठरलेल्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळतात.

एंजिन रुळविणे : बांधलेले एंजिन सुरू करण्यापूर्वी ते इंधनाविना फिरवून तेलाचा दाब येऊ देतात. सुरू झाल्यावर ते दीर्घकाळ रिकामे चालविणे इष्ट नसते. कड्या भिंतीशी जुळण्यासाठी ज्वलनाचा पुरेसा दाब लागतो. हलक्या चालीत अस्तराचा पृष्ठ काचेसारखा गुळगुळीत होतो व मग तेलाचा खप कधीच कमी होत नाही. याउलट, पहिल्याच दिवशी खोल नांगरट करणेही घातक ठरते. म्हणून मध्यम वेगाने व क्रमाने वाढत्या भाराने काम घेतात. पहिल्या सु. ५० तासांनंतर तेल व तेल गाळणी बदलतात. सिलिंडर शीर्षाचे बोल्ट पुन्हा तपासावयाचे की नाही, हे गॅस्केटाच्या प्रकारानुसार निर्मात्याच्या सूचनांवरून ठरते.

आर्थिक विचार : पुनर्बांधणीचा खर्च नव्या ट्रॅक्टरच्या किंमतीच्या मानाने थोडा असला, तरी तो लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठाच असतो. पेरणीची वेळ हवामानावर अवलंबून असते. पावसानंतर जमिनीला वाफसा आला की काही दिवसांतच पेरणी उरकावी लागते. त्या दिवसांत एंजिन बंद पडले, तर होणारे नुकसान दुरुस्तीच्या खर्चाहून पुष्कळ अधिक असू शकते. यामुळे धुराची व तेलाच्या खपाची लक्षणे दिसू लागताच कामाच्या दोन हंगामांमधील सवडीत एंजिन उघडणे हिताचे ठरते.

खर्च कमी करण्यासाठी झिजलेल्या एकाच सिलिंडराचे अस्तर बदलण्याची किंवा जुन्या अस्तरात नवे दट्टे घालण्याची पद्धत आढळते. एखादेच अस्तर अपघाताने बिघडले असेल, तर पहिला उपाय समर्थनीय आहे. सर्वसाधारण झिजेत मात्र उरलेली अस्तरे लवकरच तीच वेळ आणतात आणि उघडण्या-जोडण्याची मजुरी दोनदा पडते. सुट्या भागांच्या बाजारात मूळ निर्मात्याच्या भागांबरोबर इतर कारखान्यांचे भागही मिळतात. त्यांतील पुष्कळ चांगले असले, तरी बसविण्यापूर्वी प्रत्येक अस्तराचा व्यास, कॉलरची जाडी व दट्ट्याची मोकळीक मोजून घेणे हीच खात्रीची पद्धत होय. पेटीवर छापलेले माप आणि आतील अस्तराचे माप यांत फरक असल्यास तो एंजिन जोडण्यापूर्वी कळणे स्वस्त पडते. पुनर्बांधणीनंतर एंजिन किती काळ टिकेल हे पुढे बव्हंशी हवा गाळणी, तेल व थंड करणारे पाणी या तीन गोष्टींच्या नित्य देखभालीवर अवलंबून राहते.